भुजली ते होळी

मागच्या महिन्यात एका दुपारी, पोरं खिचडी खाऊन घरी गेल्यावर, माझ्या भुजलीनं एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "लिही. तुयं अक्षर चांगलं हाय."

मी आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे आणि ती सेविका. म्हणजे शिकवणं, रजिस्टर, मीटिंगा आणि सह्या तिच्याकडे. झाडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं आणि घरोघरी फिरून पोरं गोळा करणं माझ्याकडे. हे झालं कागदावर. खरं म्हणजे रजिस्टरही मीच लिहिते, कारण तिचं अक्षर तिचं तिलाही लागत नाही. आता पोरांची वजनं-उंच्या मोबाइलवर भरायच्या असतात, त्याही मीच भरते, कारण तिला चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही आणि चष्मा ती कुठंही विसरून येते. सुपरवायझर बाई आल्या की रजिस्टर उघडून तिला म्हणतात, "वा! काय सुंदर अक्षर आहे तुमचं!" ती मान खाली घालून हसते. मी तेव्हा चुलीवर चहा ठेवत असते.

काय लिहायचं तेही तिनंच सांगितलं. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळं ती राजीनामा देणार. सेविकेची जागा रिकामी झाली की त्याच अंगणवाडीतली मदतनीस बारावी पास असेल तर तिला आधी विचारतात. बारावी पास मदतनीस म्हणजे मी. मी नको म्हटलं तरच जाहिरात निघणार, आणि जाहिरात निघाली की तिची सून फॉर्म भरणार. म्हणून मी लिहून द्यायचं होतं की मला ही जागा नको, माझी काही तक्रार नाही, आणि हे मी राजीखुशीनं लिहीत आहे.

'राजीखुशीनं' हा शब्द तिचाच.

"तू मायी भुजली हायेस," ती म्हणाली. "तुले नाई सांगू तं कोणाले सांगू?"

हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, याच तोंडून. तेव्हा मी हातातलं सगळं टाकून तिला पोटाशी धरलं होतं.

भुजली म्हणजे काय ते आधी सांगते. श्रावणात आमच्याकडे बाया पळसाच्या पानांच्या द्रोणात शेतातली माती भरून गहू पेरतात. द्रोण घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपल्याखाली झाकून ठेवतात, म्हणजे रोपं हिरवी न होता पिवळीधम्मक वर येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तलावावर जायचं, माती पाण्यात सोडायची आणि धुतलेली रोपं घरी आणायची. ज्या दोघींना जन्माचं नातं जोडायचं असतं त्या पाचजणींच्या देखत ती रोपं एकमेकींच्या कानावर खोवतात. झाल्या भुजली. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, रागातही नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणून. तिची सासू ती आपली सासू, तिचं पोर ते आपलं पोर. आणि भुजलीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण गावात सगळ्यांना माहीत असतं. सख्ख्या बहिणीशी कडाकडा भांडता येतं, भुजलीशी नाही येत.

आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. मी बोदलकशाकडची, ती चोरखमाऱ्याकडची. दोघींची माहेरं तलावाकाठची, म्हणून दोघींना इथल्या विहिरीचं पाणी गोड लागेना. सासरची तक्रार करायला मला ती होती, तिला मी होते. वर्षभर मी तिला नावानं हाक मारली. पुढच्या श्रावणात आम्ही भुजली झालो आणि ते नाव माझ्या तोंडातून गेलं. रजिस्टरात मात्र 'सेविकेचे नाव' या रकान्यात मी ते रोज लिहिते.

त्याच्या पुढच्या वर्षी गावात अंगणवाडी मंजूर झाली. सेविका गावातलीच हवी होती, दहावी पास चालणार होती आणि मार्क बघून निवड होणार होती. मी बारावीला फर्स्ट क्लास होते. ती दहावीला कशीबशी सुटलेली. गावभर सगळे धरूनच चालले होते की जागा माझी. माझ्या नवऱ्याचं सौंदडला स्टेशनाकडच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. रहिवासी दाखल्यासाठी त्यानं दोन वेळा दुकान बंद ठेवून तहसील गाठली. मला फोटो काढायला नेलं. त्या फोटोत माझं तोंड डॉक्टरनं सुई काढल्यावर होतं तसं झालं आहे. पंक्चर काढायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत सुटला, "आमची बाई मास्तरीण होऊन राहिली बाप्पा!"

त्या वर्षी भुजल्या पाण्यात शिरवून आम्ही तलावावरून परतलो आणि ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. कानावरची रोपं अजून ओली होती. दार लोटून ती जी रडायला लागली ती थांबेचना. मग सगळं बाहेर आलं. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सासू दुसरी सून आणून राहिली. पोळा झाला की हिला माहेरी पाठवणार. येताजाता वांझोटी म्हणते, ताटावरून उठवते.

"नोकरी लागली तं ठेवतील मले," ती म्हणाली. "कमावती सून कोणी काढत नाई. तू फॉर्म भरला तं मायं काई खरं नाई, भुजली. तुले नाई सांगू तं कोणाले सांगू?"

भरलेला फॉर्म पेटीत होता. मी तो काढला आणि तिच्या समोर चुलीत घातला. त्याआधी फोटो तेवढा सोलून घेतला, कारण तो पुन्हा कधीतरी कामी येईल असं वाटलं. तिनं माझे पाय धरले. मी तिला उठवलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला दुःख झालंच नाही. मला माझाच अभिमान वाटला. आपण किती मोठ्या मनाच्या, असं वाटून मी दोन दिवस जरा ताठच चालत होते.

नवऱ्याला काय सांगणार? म्हटलं, शेवटची तारीख मी चुकीची वाचली, मुदत निघून गेली. तो ओरडला नाही. ताटावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाला, "बारावी शिकली तू, तुले तारीख वाचता नाई आली?" आणि उरलेला भात तसाच ठेवून दुकानावर गेला. पुढं मी कुठलंही सरकारी पत्र हातात घेतलं की तो ते काढून घेऊन स्वतः वाचायचा.

तिला जागा मिळाली. होळीला तिला मुलगा झाला. सगळा गाव म्हणाला, नोकरीच्या पायगुणानं कूस उजवली. मीही म्हटलं. गूळ-खोबरं घेऊन गेले, पोराला न्हाऊ घातलं. चांगलं गुटगुटीत पोर होतं, धरताना हात दुखत. मला तर वाटलं या पोरात माझाही वाटा आहे.

चार वर्षांनी पहिली मदतनीस गाव सोडून गेली, तेव्हा भुजलीनंच मला तिथं लावलं. "दोघी सोबत राहू," म्हणाली. मी तिचे उपकार मानले. आज मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या उपकार मानण्याचा.

तिची सासू मात्र माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. त्या बाईच्या घरचं पाणी मी पंचवीस वर्षं प्यायले नाही. लग्नाकार्यात ती ज्या ओळीत बसे त्या ओळीत मी बसत नसे. नातवाला अंगणवाडीतून न्यायला आली की पोर उंबऱ्याबाहेर उभं करायचं आणि पाठ फिरवायची. ती म्हणायची, "काय करून राहिली पोरी?" मी भांडी जोरात आपटायचे. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. तीन-चार जणींच्या कानात मी घातलं की ही बाई कशी आहे, सोन्यासारख्या सुनेला कशी काढायला निघाली होती. गावात एकीला सांगितलं की चाळीसजणींना कळतं. मागं तिच्या धाकट्या मुलाला मुलगी पाहत होते, तेव्हा एका घरानं सासू खाष्ट आहे म्हणून नकार दिला. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ती म्हातारी अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, खाटेला खिळली. एक दिवस भुजली तालुक्याला मीटिंगला गेली होती आणि सून माहेरी. जाताना मला म्हणाली, दुपारी मामीला, म्हणजे सासूला, जेवण तेवढं दे. मी खिचडीचं ताट घेऊन गेले, खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं आणि तशीच निघाले.

"पोरी," म्हातारी म्हणाली, "मी मरून जाईन आता. तू मायावर कायचा राग धरून राहिली, तेवढं सांगून जा."

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं मी तिच्या अंगावर फेकलं. वांझोटी म्हणायची ते, ताटावरून उठवायची ते, दुसरी सून आणत होती ते. खाटेवर हाड मोडून पडलेल्या माणसाशी असं बोलू नये, पण मी बोलले.

म्हातारीनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी? मी कवा म्हणलो वं असं? आणि वांझोटी कायले म्हणीन? आषाढातल्या अखाडीपासूनच तं तिले ओकाऱ्या सुरू होत्या. भुजलीच्या दिवशी ती तलावावर निघाली तं मीच म्हणलो, पोटुशी हायेस, चिखलात उतरू नको. आयकली नाई."

मी स्टुलावर बसले. ताट मांडीवर घेतलं.

अंगणवाडीत गरोदर बायांचं रजिस्टर असतं. शेवटच्या पाळीची तारीख विचारायची, नऊ महिने सात दिवस मिळवायचे आणि बाळंतपणाची तारीख काढायची. हा हिशोब मी बोटांवर करते. या गावातल्या दीडदोनशे पोरांच्या तारखा मी काढल्या असतील. नर्सबाई म्हणतात, बाई, तुमची तारीख दोन-चार दिवसांच्या पलीकडं चुकत नाही. आणि या एका पोराची तारीख मी कधी मोजली नाही. श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक. मी म्हातारीसमोर बोटांवर मोजत गेले. भुजली ते होळी, सात महिने. सात महिन्यांचं पोर गुटगुटीत नसतं. माझ्या स्वयंपाकघरात दार लोटून ती रडली तेव्हा तिच्या पोटात तो होता, आणि ते तिला माहीत होतं.

पुढं अंगणवाडीत घातला तेव्हा त्याच पोराची जन्मतारीख मी माझ्या हातानं रजिस्टरात उतरवली होती.

म्हातारीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "एवढे साल राग धरला, पोरी," ती म्हणाली. "एकडाव मले विचारली असती तं?"

मला फसवलं होतं, आणि मी त्या फसवणुकीवर विश्वास ठेवून दुसऱ्या एका बाईला गावाच्या मनातून उतरवलं होतं. मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं नाही, पाय हलवता येत नव्हते. "खिचडी थंडी होऊन राहिली," एवढंच म्हणाली. मी तिला भरवलं. त्या घरचं पाणी त्या दिवशी मी पहिल्यांदा प्यायले. तेव्हापासून दुपारचं जेवण मीच नेते. भुजलीला वाटतं, मी तिच्यासाठी करते.

तिला मी काही बोलले नाही. का नाही बोलले असं कुणीही विचारेल. भुजलीशी भांडायचं नसतं हे एक. दुसरं असं की मी स्वतःशीच भांडत होते. खिचडी ढवळताना, पोरांची नाकं पुसताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात यायची: तो फॉर्म मी चुलीत घातला नसता तर? माझ्या मुलीला नर्सिंगला नागपूरला जायचं होतं, तेव्हा सेविका असते तर तिला पाठवू शकले असते का? नवऱ्यानं माझ्या हातातून पत्रं काढून घेतली असती का? मन म्हणायचं, झालं ते झालं, आता पन्नाशी आली. आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर बाई तिला म्हणायच्या, वा, काय अक्षर, की पुन्हा तेच सुरू व्हायचं. पेटीतून मी तो सोललेला फोटो काढून पाहिला. त्या पोरीचा मला राग आला आणि दयाही आली. शहाणी समजत होती स्वतःला.

नवऱ्याला मात्र सांगितलं. तो चाकाला हवा भरत होता. ऐकून तसाच पंप मारत राहिला, मारत राहिला, शेवटी मीच म्हटलं, अहो, फुटेल ना ट्यूब. तेव्हा थांबला. म्हणाला, "म्हणजे तुले तारीख वाचता येत होती." दुसऱ्या दिवशी लाइटचं बिल आलं, ते त्यानं माझ्या हातात दिलं.

असं हे सगळं झालेलं, आणि त्यावर तो कोरा कागद.

मी लिहायला घेतलं. ती समोर पाय पसरून गुडघे चोळत बसली होती. सून कशी हुशार आहे, मोबाइल कसा चालवते, हे सांगत होती. तिच्या सुनेबद्दल माझ्या मनात काही नाही, पोरगी चांगली आहे. मी माझ्या नेहमीच्या अक्षरात लिहिलं की मी इतकी वर्षं या अंगणवाडीत मदतनीस आहे, बारावी पास आहे, आणि सेविकेच्या रिकाम्या होणाऱ्या जागेवर माझी नेमणूक व्हावी ही विनंती. खाली सही केली.

कागद तिच्याकडे सरकवला. तिचा चष्मा टेबलावर पोरांच्या ठोकळ्यांमध्ये पडला होता. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला आणि हसून म्हणाली, "झकास. मीच देतो ऑफिसात नेऊन."

तिला अक्षरही दिसलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर तिनं स्वतःच्या हातानं माझा अर्ज नेऊन दिला असता. एक क्षण मला फार मोह झाला. इतक्या वर्षांनी फिट्टंफाट झाली असती. पण मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय उरला असता? मी कागद परत घेतला आणि मोठ्यानं वाचून दाखवला.

तिचे हात गुडघ्यावर थांबले. "हे काय लिहिली तू?"

"तुझा पोरगा होळीला झाला ना?" मी विचारलं.

तिनं पुन्हा गुडघा चोळायला घेतला. मी म्हटलं, "भुजलीपासून होळीपर्यंत किती महिने होतात, मोज."

तिनं मोजलं नाही. तिला मोजायची गरज नव्हती. बाहेर कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं. मला वाटलं, आता ती रडेल. रडली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. कदाचित पुन्हा चूल पेटवली असती. पण ती म्हणाली, "येवढं जुनं काऊन उकरून राहिली? तवा तुलेच तं बरं वाटलं होतं. दोन दिस कशी फुगून हिंडत होती गावात."

ते खरं होतं. तिनं ते पाहिलं होतं आणि सव्वीस वर्षं लक्षात ठेवलं होतं.

"हो, वाटलं होतं," मी म्हटलं. "आता नाही वाटत."

"आणि तुले इथं लावली कोणं? मीच ना?" ती भिंतीला धरून उठली. "मामीच्या नावानं बोललो मी, चुकलो असीन. पण भुजली असं करते का? पाच बायांच्या देखत कानावर खोवली होती तुले."

मी अर्जाची घडी घातली. ती लंगडत लंगडत दारापर्यंत गेली, चपला पायात सरकवल्या आणि अंगणात उतरली. टेबलावरचा चष्मा तसाच राहिला होता. त्याच्याशिवाय तिला घरापर्यंतचे दगडही दिसत नाहीत. मी तो उचलला, दारात आले आणि हाक मारली.

तिच्या नावानं मारली. सत्तावीस वर्षांत ते नाव माझ्या तोंडात आलं नव्हतं, त्यामुळं जरा जडच निघालं. पण पूर्ण निघालं.

ती थांबली. तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग हापशाकडे. आपल्याला अशी कोण हाक मारतंय, ते ती शोधत होती.